रात्रीचे तीन, बारा किलो आणि एक अँप्यूल

वाचकांचे प्रश्न : लहान मुलांची इमर्जन्सी आणि तिथली माणसं

या विषयावर ठाण्या-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचे आपोआप दोन गठ्ठे झाले. एक आईवडिलांचा, दुसरा कॅज्युअल्टीत आणि वॉर्डात ड्यूटी करणाऱ्यांचा. दोन वेगळी सदरं करावीत असं आधी ठरत होतं, पण वाचता वाचता दिसलं की एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून लोक तीच तक्रार करताहेत. म्हणून सगळी पत्रं एकत्र घेतली. उत्तरं एका बालरोगतज्ज्ञांनी आणि एका वरिष्ठ परिचारिकेनं मिळून लिहिली आहेत. इंजेक्शनांच्या मात्रा हॉस्पिटलात काम करणाऱ्यांसाठी आहेत, घरी करून बघायच्या नाहीत.

आमचं तीस खाटांचं मुलांचं हॉस्पिटल. नाइटला आम्ही दोघी सिस्टर. गेल्या महिन्यात पहाटे फिट आलेल्या मुलाचं औषध भरताना माझ्याकडून दशांश चिन्ह सरकलं. दुसऱ्या सिस्टरनं सिरिंज बघून हात धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून नाइट लागली की पोटात गोळा येतो. डॉक्टर म्हणतात, 'लक्ष देऊन काम करा.' लक्ष देऊनच करत होते. — परिचारिका, कोपरखैरणे

'लक्ष द्या' या सल्ल्याचा इथं काडीचा उपयोग नाही. पहाटे तीनला, मूल झटके देत असताना, आई रडत असताना तोंडी गणित करायला लावणारी पद्धत असेल तर आज ना उद्या कुणाचं तरी दशांश चिन्ह सरकणारच.

मोठ्यांच्या वॉर्डात बरीच औषधं 'एक अँप्यूल (इंजेक्शनची छोटी कुपी) द्या' एवढ्यावर भागतात. मुलांच्या वॉर्डात एकाच तासात तीन किलोचं बाळ येतं आणि तीस किलोचा मुलगाही. दोघांच्या मात्रेत दहापटीचा फरक. म्हणजे बाळासाठी चुकून दहापट औषध भरलं तरी सिरिंज अगदी रोजच्यासारखी दिसते, डोळ्यांना खटकत नाही. वर झोपेचं गणित वेगळंच. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली दाखवून दिलं, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकं मंदावतं. सकाळी सातला उठून, डबे करून, दुपारी डोळा न लागता नाइटला आलेली सिस्टर रात्री बारालाच तिथं पोहोचते. आणि शरीराची सगळ्यात सुस्त वेळ, तीन ते पाच, अजून पुढेच असते.

तेव्हा गणित रात्रीतून काढून दिवसात न्यायचं. सुरुवात वजनापासून. मूल दारातून आत आलं की आधी काट्यावर, अंदाज नाही. फिट चालू असेल किंवा मूल उभं राहू शकत नसेल तर आईला शेवटचं वजन विचारा, लसीकरणाच्या कार्डावर बघा. तेही नसेल तर एक ते दहा वर्षांपर्यंत 'वय अधिक चार, गुणिले दोन' हे जुनं सूत्र आहे: दोन वर्षांचं मूल १२ किलो, सहा वर्षांचं २० किलो. मुंब्र्याच्या चाळीतलं अंगानं काटकुळं मूल याहून हलकं निघतं, पाम बीचवरच्या टॉवरमधलं कधीकधी बरंच जड, हे ध्यानात ठेवा. उंचीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टी असेल तर वापरा, पण ती अमेरिकी मुलांवर बेतलेली आहे आणि आपल्या किरकोळ मुलांचं वजन जास्त दाखवते. आलेला आकडा किलोमध्ये, मोठ्या अक्षरात, खाटेच्या डोक्याशी असलेल्या फळ्यावर लिहायचा.

मग तक्ता. ३, ५, ७, १०, १२, १५, २०, २५, ३० अशा प्रत्येक वजनाचं एकेक पान, प्लॅस्टिकमध्ये घालून ट्रॉलीला लटकवलेलं. पानावर औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम आणि *तुमच्या कपाटातल्या* अँप्यूलमधून किती मिली. बारा किलोचं पान असं दिसेल. हृदय बंद पडलं असेल तर ॲड्रेनालिन ०.१२ मिलिग्रॅम, म्हणजे एक अँप्यूल (१ मिलीत १ मिलिग्रॅम) नॉर्मल सलाइन घालून १० मिली करायची आणि त्यातलं १.२ मिली शिरेतून. तीव्र ॲलर्जीचा झटका असेल तर तेच ॲड्रेनालिन तेवढंच मिलिग्रॅम, पण न पातळ केलेलं, ०.१२ मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. याच जोडीत सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून पानावर दोन्ही ओळी वेगवेगळ्या रंगात ठेवा. फिटसाठी लोराझेपाम १.२ मिलिग्रॅम, २ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या अँप्यूलमधून ०.६ मिली. नाकातला मिडाझोलाम किलोला ०.२ मिलिग्रॅम या हिशेबानं २.४ मिलिग्रॅम. इथं सापळा आहे. बाजारात एका फवाऱ्याला ०.५ मिलिग्रॅम देणारी बाटली मिळते आणि १.२५ मिलिग्रॅम देणारीही. पहिलीचे पाच फवारे, दुसरीचे दोन. मेडिकलवाल्यानं बाटली बदलून पाठवली की पान त्याच दिवशी बदलायला हवं.

साखर उतरली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज. कपाटात असतं २५ टक्के, तेव्हा त्याच्या १० मिलीत १५ मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं की २५ मिली तयार. किलोला २ मिली द्यायचं की ५, यावर तुमच्या दोन डॉक्टरांचं एकमत नसण्याची दाट शक्यता आहे. ते भांडण दुपारी चारला मिटवा आणि ठरेल तो एकच आकडा पानावर छापा.

०.१२ मिली मोजायला १ मिलीची साधी सिरिंज घ्या, इन्सुलिनची नको. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिटच्या खुणा असतात. चाळीसवालीत (१ मिलीत ४० युनिट) १० युनिट म्हणजे ०.२५ मिली, शंभरवालीत ०.१ मिली, आणि घाईत दोन्ही एकसारख्याच दिसतात.

तोंडी ऑर्डर दोन्ही मापांत मागा, 'किती मिलिग्रॅम, किती मिली', आणि भरण्याआधी मोठ्यानं परत म्हणा. इंग्रजीतलं 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' गोंगाटात एकच ऐकू येतं. मराठीत पंधरा आणि पन्नास वेगळे आहेत, पण सात आणि साठ आपलेही फसवतात. म्हणून आकडा एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत किंवा हिंदीत. वॉर्डात निम्म्या सिस्टर मल्याळी असल्या तरी हे जमतं. लिहिताना '०.५' मधलं पुढचं शून्य कधी गाळायचं नाही आणि '५.०' असं मागचं शून्य कधी लावायचं नाही.

पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल इमर्जन्सी ट्रॉलीत असतील तर आजच काढून कुलपात ठेवा. त्या डिस्टिल्ड वॉटरसारख्या दिसतात आणि ती चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

दुसऱ्या सिस्टरनं तपासायचं म्हणजे मान डोलवायची नाही. तुमचा आकडा न ऐकता तिनं पानावरून स्वतः मात्रा काढायची, मग दोघींनी जुळवायची. तुमच्या हॉस्पिटलात त्या रात्री हेच घडलं आणि त्याचं श्रेय कुणी दिलेलं दिसत नाही. असे निसटते प्रसंग लिहायला एक वही ठेवा: तारीख, वेळ, औषध, काय झालं असतं, कशामुळे वाचलो. नाव लिहायचं नाही. नाव लिहायची सक्ती झाली की वही कोरी राहते.

मुलाला ताप होता म्हणून रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीत नेलं. चाळीस मिनिटं बसवलं. आमच्या मागून आलेलं मूल आधी आत घेतलं. विचारलं तर सिस्टर तुटक बोलल्या. मीही आवाज चढवला. खरी इमर्जन्सी कोणती हे आम्ही कसं ओळखायचं? — एक आई, घोडबंदर रोड

मागून आलेलं मूल आधी घेतलं, ही त्या कॅज्युअल्टीची जमेची बाजू समजा. तिथं रांग आल्याच्या क्रमानं लागत नाही. जाणती सिस्टर दारातल्या मुलाकडे अर्धा मिनिट बघून तीन गोष्टी ठरवते. मूल कसं दिसतंय: आईकडे बघतंय, रडतंय, हात झटकतंय, की मलूल होऊन खांद्यावर पडलंय. श्वास कसा आहे: नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, कण्हल्यासारखा आवाज येतो का. आणि रंग: ओठ, तळवे, अंगावर फिकट-निळसर जाळी. तापानं फणफणलेलं पण ठणाणा रडणारं मूल या हिशेबात मागे पडतं. गप्प मूल पुढे जातं.

हे तुम्हालाही करता येतं. मूल शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील तर तो वेगवान श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळांचा श्वास मध्येच थांबून चालतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० पॉइंट ४ ताप आला तर बाकी काही नसलं तरी थेट हॉस्पिटल. काही पिऊ न शकणं, प्यायलेलं सगळं उलटणं, सहा-आठ तास लघवी नसणं, दाबल्यावर न पुसणारे लाल-जांभळे ठिपके, हेही त्यातलंच. आणि पावसाळ्यातली खास चूक: डेंग्यूत ताप उतरला की घर निर्धास्त होतं. धोक्याचे दिवस नेमके ताप उतरतानाच सुरू होतात. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार, मूल सुस्त, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

तापात फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, गळ्याभोवतीचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात फक्त वेळ जातो. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ आणि डॉक्टरांनी आधी लिहून दिलेला नाकाचा फवारा असेल तर तो, लिहिलेत तितकेच.

कॅज्युअल्टीत जाताना दिलेल्या औषधाची *बाटली* न्या. 'पाच मिली पॅरासिटामॉल दिलं' एवढ्यावरून काही कळत नाही. हिशेब किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. ते १२० वाल्या (५ मिलीत १२० मिलिग्रॅम) सिरपचं ७.५ मिली होतं, २५० वाल्याचं ३.६ मिली आणि थेंबांच्या बाटलीतलं (१ मिलीत १०० मिलिग्रॅम) फक्त १.८ मिली. थेंबांच्या बाटलीतून 'नेहमीचं' ५ मिली दिलं तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं, जवळजवळ तिप्पट. आजीनं एकदा आणि आईनं एकदा दिलं, हेही नेहमीचं. दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारहून जास्त वेळा नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहा.

आवाज चढवण्याबद्दल. सिस्टरनं 'तुमचं मूल आत्ता स्थिर आहे, अर्ध्या तासानं परत बघते' एवढं सांगायला हवं होतं, ते तिचं कामच आहे. पण इस्रायलमधल्या अरिए रिस्किन यांच्या गटानं नवजात अतिदक्षता विभागातल्या टीमवर एक प्रयोग केला, तो जाणून घ्या. सरावाच्या खोट्या केसमध्ये काही टीमना बाहेरच्या तज्ज्ञाचे अपमानकारक शेरे ऐकवले. त्यांचं निदानही घसरलं आणि हातांचं कामही (२०१५). दोन वर्षांनी आईच्या भूमिकेतल्या व्यक्तीचं उद्धट बोलणं ऐकवलं, तरी तेच. शिवी खाल्लेलं डोकं तुमच्याच मुलाची मात्रा काढत असतं. त्यापेक्षा असं विचारा: 'आता काय दिसलं तर मी लगेच तुम्हाला हाक मारू?' याचं उत्तर दमलेली सिस्टरही नीट देते.

मी बदलापूरहून ऐरोलीला ड्यूटीला येते. नाइट करून घरी गेले की झोप लागत नाही, पोरांवर खेकसते, पेशंटच्या नातेवाइकांचा राग येतो. मैत्रीण म्हणते हे बर्नआउट आहे. खरं का? — स्टाफ नर्स

असेल, किंवा नुसती झोपेची थकबाकी असेल. आधी झोप फेडून बघा, मग नाव द्या.

नाइटला जायच्या दिवशी दुपारी दीड तास आडवं व्हा, झोप लागो न लागो. ड्यूटीत एक ते तीनच्या दरम्यान २० ते ३० मिनिटांची डुलकी, आळीपाळीनं, उघडपणे. बाथरूमला जाते सांगून स्टोअररूममध्ये चोरून घेतलेल्या झोपेत कान दाराशीच असतात. त्याहून लांब झोपलात तर उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं, म्हणून उठल्या उठल्या औषध भरू नका, आधी तोंड धुऊन एक फेरी मारा. शेवटचा चहा तीनला. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला पाच-एक तास लागतात. सहाचा चहा घेऊन दहाला झोपायला गेलात तर निम्मा चहा अजून अंगात. जेवण बाराच्या आत, नंतर हलकं काही. दोनला बिर्याणी मागवली की चारला सगळा वॉर्ड पेंगतो.

घरी जाताना गॉगल लावा. सकाळचं ऊन मेंदूला 'दिवस झाला' सांगतं, मग बदलापूर येईपर्यंत झोप उडालेली असते. ठाण्याला गाडी बदलून बसलात की मोबाइलला कंपनाचा गजर लावून तो मुठीत धरा, नाहीतर डोळे कर्जतला उघडतील. स्कूटरवरून जाणाऱ्या सिस्टरना मात्र कळकळीनं सांगणं: नाइट संपवून गाडी चालवू नका. डुलकी सेकंदाची असते आणि समोर डंपर असतो. घरात जाड पडदा, फोन बंद, दारावर 'बेल वाजवू नका'. घरच्यांना हे दुपारी सांगून पटत नाही, रविवारी सगळे बसले असताना सांगा.

रोस्टरबद्दल हेड सिस्टरशी बोलायचं असेल तर तीनच गोष्टी मागा: सलग नाइट तीनपेक्षा जास्त नकोत, पाळ्या सकाळ-दुपार-नाइट या क्रमानं पुढे सरकाव्यात आणि दोन ड्यूट्यांत किमान अकरा तास असावेत. दुपारची ड्यूटी आठला संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर, हे कागदावर बारा तास दिसतात. बदलापूरवालीला त्यात झोपायला पाच मिळतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या कामाच्या संदर्भात केली, आजार म्हणून नाही. तीन खुणा: पार पिळून निघाल्यासारखा थकवा, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि 'माझ्यानं काही होत नाही' ही भावना. आठवडाभर नीट झोप मिळूनही तिन्ही टिकल्या तर मैत्रिणीचं खरं. ऑफच्या दिवशीही कशात मन लागत नसेल, भूक गेली असेल, मरणाचे विचार येत असतील तर ते बर्नआउटच्या पलीकडचं आहे. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

वीस खाटांचं बालरुग्णालय चालवतो. सिस्टर सहा महिन्यांत सोडून जातात, नवीन शिकेपर्यंत परत तेच. कमी खर्चात इमर्जन्सी सुधारायची कशी? — डॉक्टर, खारघर

सिस्टर का जातात हे तुम्ही त्यांना विचारलं असेल तर पत्रात ते आलेलं नाही. बहुतेक वेळा पगाराच्या जोडीला तीन कारणं असतात: पुढच्या आठवड्याची ड्यूटी शनिवारी रात्री कळते, झोपायला-कपडे बदलायला कडी असलेली खोली नाही आणि चूक झाली की सगळ्यांसमोर बोलणी. पहिल्याला खर्च शून्य आहे: चार आठवड्यांचं रोस्टर आधी लावा.

ट्रॉलीत महाग काही लागत नाही, जागेवर लागतं. अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) तीन मापांच्या, साधारण २५०, ५०० आणि १५०० मिली, मास्क ० ते ४. मास्क नाकाच्या पुलापासून हनुवटीच्या खाचेपर्यंत, डोळ्यांवर येता कामा नये. श्वासनळीत घालायची नळी, कफवाली (टोकाशी फुगा असलेली), तिचं माप वय भागिले चार अधिक साडेतीन. त्याहून अर्ध्या मापानं लहान एक आणि अर्ध्या मापानं मोठी एक शेजारी. ओठापाशी खोली नळीच्या मापाच्या तिप्पट. शीर मिळाली नाही तर हाडातली सुई, कारण दीड मिनिट शोधूनही शीर नाही म्हणजे आता शोधणं थांबवायचं. ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या पट्ट्या.

कामाच्या वेळी फसतं ते भलतंच. लॅरिंगोस्कोपचे (नळी घालताना घशात उजेड पाडणाऱ्या उपकरणाचे) सेल कुणीतरी घड्याळाला लावलेले असतात. ऑक्सिजन सिलिंडर भरलेला, पण चावी नाही. सक्शनची नळी कोरडी, कडक. म्हणून दर पाळीला ओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती आणि ताबा) घेताना दोघींनी मिळून लॅरिंगोस्कोप पेटवून बघायचा, सक्शन बोटावर लावून बघायचं, सिलिंडर उघडून काटा बघायचा. तीन मिनिटं.

मूल परळला मुलांच्या वाडिया रुग्णालयात किंवा दुसरीकडे हलवायचं असेल तर ऑक्सिजन आधी मोजा. बी-टाइप सिलिंडर म्हणजे सुमारे १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरनं अडीच तास. सायन-पनवेल रस्ता आणि खाडीपूल धरून जो वेळ वाटतो त्याच्या दुप्पट ऑक्सिजन सोबत हवा. निम्मा भरलेला सिलिंडर घेऊन संध्याकाळी सहाला निघू नका.

ओव्हर तोंडी आणि उभ्या उभ्या नको. २०१४ साली नऊ मुलांच्या रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना ठराविक क्रमानं ओव्हर द्यायला शिकवलं, तेव्हा चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी घटली. क्रम असा: मूल किती आजारी, थोडक्यात काय झालं, काय करायचं बाकी, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय, शेवटी घेणाऱ्यानं ते सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. लोक पाचवी पायरी गाळतात आणि मग पद्धत चालत नाही म्हणतात.

पंधरा दिवसांनी एकदा, पाळी बदलताना, बाहुलीवर दहा मिनिटांची तालीम. एकटा असेल तर ३० दाब, २ श्वास. दोघं असतील तर १५ आणि २. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली छातीच्या एक तृतीयांश. तालमीत मालक-डॉक्टरनंही हात लावायचा आणि चुकायचं. नव्या सिस्टरला त्यानं जितका धीर येतो तितका भाषणानं येत नाही.

वॉर्डबॉय म्हणून काम करतो. मागच्या आठवड्यात चार वर्षांचं मूल गेलं. दहा मिनिटांत तीच खाट पुसून दुसरं मूल घेतलं. तेव्हापासून झोपेत त्याच्या पायातले मोजे दिसतात. डॉक्टर-सिस्टरना निदान एकमेकांशी बोलता येतं, मला कोण विचारणार. — कळवा

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मूल उचलून ट्रॉलीवर ठेवणारा, शेवटी चादर ओढणारा माणूस बहुतेक तुम्हीच असता, आणि चर्चा होते तेव्हा तुम्हाला बोलावत नाहीत, ही खरीच चूक आहे.

पहिले काही आठवडे मोजे दिसणं, दचकून उठणं, त्या खाटेजवळून जाताना पाय जड होणं हे घडतं, आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. या दिवसांत ड्यूटी चालू ठेवा, पण शक्य असेल तर ती खाट आठवडाभर दुसऱ्याला द्या. दारू घेऊन झोपू नका, त्यानं झोप लागते आणि स्वप्नं वाढतात. ज्याच्याशी बोलावंसं वाटतं त्याच्याशी बोला. कुणी खोलीत बसवून सगळं सांगायला लावत असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, जबरदस्तीनं उगाळण्यानं काहींचा त्रास वाढतो. महिना उलटूनही तसंच राहिलं, वॉर्डात पाऊल टाकवेना झालं, तर मानसोपचाराची ओपीडी गाठा. त्यावर उपचार आहेत.

वॉर्डाच्या प्रमुखांसाठी दोन ओळी. मूल गेल्यावर खाट पुसण्याआधी एक मिनिट सगळ्यांनी, मावशी-मामांसकट, थांबायचं. त्याच पाळीत दहा मिनिटं बसायचं: काय घडलं, काय नीट झालं, कुठली वस्तू सापडली नाही, आता घरी कोण एकटं जाणार आहे. दोष ठरवायची बैठक वेगळी, दुसऱ्या दिवशी.

नातेवाइकांनी काच फोडली, सिस्टरला ढकललं. तक्रार करायची की नाही यावर आमच्यातच दोन तट आहेत. — परिचारिका, वाशी

करा. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तक्रार हॉस्पिटलनं संस्था म्हणून द्यावी, एकट्या सिस्टरच्या खांद्यावर टाकू नये. घटना त्याच पाळीत लिहून काढा, मारहाण झाली असेल तर तपासणी करून नोंद घ्या, सीसीटीव्हीची प्रत त्याच दिवशी काढा, बरीच यंत्रं काही दिवसांत जुनं पुसतात. काचा मात्र बहुधा निरोप न मिळाल्यानं फुटतात. मूल अत्यवस्थ असताना दर वीस मिनिटांनी एकाच माणसानं बाहेर येऊन दोन वाक्यं सांगायची, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी.

आमच्या साइटवर मजुरांच्या मुलाला विंचू चावला. कुठे न्यावं? — उलवे

जिथं प्राझोसिन आहे तिथं, म्हणून निघतानाच फोन करून विचारा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर हे साधं रक्तदाबाचं औषध लागू पडतं हे दाखवलं, आणि त्याआधी दगावणारी मुलं वाचू लागली. किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे; विंचवाच्या विषावरचं प्रतिविष मिळालं तर दोन्ही मिळून आणखी चांगलं. नुसतं दुखत असेल तर फार घाबरू नका. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर मिनिटं मोजायची. चीर पाडणं, मंत्र, बर्फात पाय, काही नको.

मुलगा बालरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. छत्तीस तास ड्यूटी करून येतो आणि बोलत नाही. आम्ही काय करू शकतो? — वडील, डोंबिवली

निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांहून जास्त आणि आठवड्याला अठ्ठेचाळीसहून जास्त काम करू नये, असं केंद्राच्या १९९२ च्या निर्देशात आहे. ते कुठं पाळलं जातं हे तुम्हाला घरात दिसतंच. सलग चोवीस तासांहून लांब ड्यूटी करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्के जास्त होतात, असं बॉस्टनमध्ये २००४ साली मोजलं गेलं, तरी आपल्याकडे अजून हा चिवटपणाचा मामला मानतात. तो बदलायला तुमचं पत्र पुरणार नाही, पण पालकांनी अधिष्ठात्यांना लिहू नये असंही काही नाही.

घरात करण्यासारखं बरंच आहे. आल्या आल्या 'आज किती पेशंट' विचारू नका. आंघोळ, जेवण, झोप, या क्रमात मध्ये पाहुणे, लग्नाची स्थळं आणि बँकेची कामं घालू नका. त्याला बाइकनं जाऊ देऊ नका, गाडीभाड्याचे पैसे तुम्ही द्या. झोपून उठल्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बोलायला लागला तर मध्ये उपाय सुचवू नका. आणि डब्यात वरण-भात-भाजीचे चार कप्पे देत असाल तर ते बंद करा, तो डबा तसाच परत येतो. भाजी घालून गुंडाळलेली पोळी, शेंगदाण्याचा लाडू, केळं, ताकाची बाटली. एका हातानं, उभ्यानं, चार मिनिटांत संपेल असं.